हिशोब चारचौघींत, मनातलं दोघींत

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आमचं गाव. गावात बायकांचे बचत गट बरेच आहेत. त्यातल्या आमच्या 12 जणींच्या गटाचं लिहिणं माझ्याकडे आहे आणि बाकीच्या गटांच्या वह्याही मीच तपासते. लोकांना वाटतं, गट म्हणजे पैशाचं काम. पैशाचं काम त्या मानाने सोपं. बचत किती, कर्ज किती, व्याज शेकडा दोन, बेरीज जुळली की वही मिटली. खरा वेळ जातो तो धुसफुशीत. कोण कोणाला काय बोललं, कोणी तोंड फिरवलं, कोण बैठकीला मुद्दाम उशिरा आलं. बाहेरच्याला या गोष्टी फालतू वाटतात. मला वाटत नाहीत, कारण गट फुटतात ते यावरूनच. माझ्या बघण्यात जे गट बंद पडले त्यांत आधी पैसे बुडाले असं झालं नाही. आधी बायकांचं बोलणं बंद पडलं, मग बैठक, आणि बचत सगळ्यात शेवटी.

या कामात राहून माझं एक मत पक्कं झालंय. वाद झाला की काय बोलावं, किती सबुरीने बोलावं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कुठे बोलावं आणि कोणासमोर बोलावं, हे कोणी सांगत नाही. मी आधी तेच बघते. गोष्ट पैशाची असेल तर ती सगळ्यांसमोर, वही उघडी ठेवून. मनाला लागलेली असेल तर ती दोघींतच, आणि जमलं तर हाताला काम असताना. पैशाचं दोघींत कुजबुजलं की संशय वाढतो, आणि मनातलं चारचौघींत काढलं की माणूस लाजेने आणखी कडक होतो. आमच्याकडची निम्म्याहून जास्त भांडणं या अदलाबदलीतूनच वाढलेली मी पाहिली आहेत.

हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. प्रशिक्षणं खूप झाली. 1992 साली नाबार्डने गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, पुढे 2011 पासून उमेद हे राज्य सरकारचं अभियान आलं, तेव्हापासून दशसूत्री आम्हाला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशोब लिहिणं आणि पुढची पाच. चांगली सूत्रं आहेत, मी नव्या गटांना तीच शिकवते. पण चारचौघांत कसं वागायचं याचं बाळकडू मला मिळालं ते सासऱ्यांकडून. नाना फडाच्या पंचांपैकी होते.

पांझरेवरची फड पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांमधून शेतात पाणी. शेकडो वर्षांची व्यवस्था आहे आणि ती गावकऱ्यांनीच चालवली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले असतात आणि एका फडात एकच पीक. यंदा उसाला कोणता फड, गव्हाला कोणता, पडीत कोणता ठेवायचा, हे वर्षाच्या सुरुवातीला सगळे बसून ठरवतात. शक्यतो प्रत्येकाच्या जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असतो. म्हणजे एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली तरी त्याची झळ एकट्याला बसत नाही, सगळ्यांना थोडी थोडी बसते. राखणीला जागल्या, आणि पाणी भरायला पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः फावडं घेऊन आपल्या शेताकडे पाणी वळवायचं नाही. पाटकरी ओळीने भरत जातो, मग शेत पंचाचं असो की विधवेचं.

नाना सांगायचे की माणसं चांगली होती म्हणून भांडणं कमी होती असं समजू नकोस. पाणी हातात यायच्या आधी बोलणं उरकलेलं असायचं, त्यामुळे भांडायला जागा कमी उरायची. चैत्र-वैशाखात पीक सुकायला लागल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहतं? तेव्हा न्याय ठरवायला बसलात तर ज्याचा आवाज मोठा त्याचं शेत भिजणार.

आमच्या गटात मी हीच रीत धरली आहे. कर्ज मागायला कोणी उभी राहण्याआधी नियम ठरलेला हवा. आजारपणाला आधी, मग बियाण्याला, मग लग्नकार्याला. एकाच दिवशी दोघींनी मागितलं तर जिचं आधीचं फिटलंय तिला. पैशाची पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी, ही रीत तर सगळ्याच गटांत असते. तिच्यामागे पाटकऱ्याचाच विचार आहे असं मला वाटतं. ज्याला पाणी हवंय त्याच्या हातात फावडं नको.

बैठकीचंही थोडं सांगते. आम्ही समाजमंदिरात गोल करून बसतो. गोल सांगायला सोपा आहे, बसायला अवघड. सुरुवातीला भिल्ल वस्तीतल्या दोघी दाराशी बसायच्या, चपलांजवळ, आणि पंचांच्या घरातल्या बायका भिंतीला टेकून. मी दोन-तीनदा तोंडाने म्हणून पाहिलं, "पुढे या." त्या हसायच्या आणि तिथेच बसायच्या. मग मी वही घेऊन दाराशी बसायला लागले. वही जिथे असेल तिथे सगळ्यांना यावंच लागतं, सही करायला, पैसे मोजायला. महिन्याभरात गोल दारापर्यंत आला. त्या दोघींतली मोठी मावशी शाळेत गेलेली नाही, पण कोणाचा हप्ता कोणत्या महिन्यात चुकला होता हे तिला वही न बघता सांगता येतं. वहीतली माझी बेरीज आणि तिची आठवण जुळली की मला हिशोबाची खात्री पटते. तिला दाराशी बसवून ठेवलं असतं तर हे आम्हाला कळलंच नसतं.

बोलायची सुरुवात धाकटीपासून, हा दुसरा नियम. गटात सासवा आहेत, सुना आहेत, चुलत जावा आहेत. मोठी बाई एकदा बोलली की सून तिच्याविरुद्ध तोंड उघडत नाही, आणि घरी जाऊन रात्रभर तळमळते. म्हणून सगळ्यात लहान जी असेल तिने आधी बोलायचं. मोठ्यांना हा नियम आवडला नव्हता. एका काकूंनी तर मला विचारलं, की आमचे केस काय उन्हात पांढरे झाले? मी म्हटलं, काकू, तुम्ही शेवटी बोलता म्हणून तर तुमचं बोलणं सगळ्यांच्या लक्षात राहतं. आता त्याच आठवण करून देतात, "धाकलीले इचारा पह्यले."

आणि बैठकीत अहिराणीच. साहेब, मॅडम कोणी आले तर मराठी, एरवी नाही. ज्यांना पुस्तकी मराठी येते त्या आठ-दहा वाक्यं बोलून जातात आणि ज्यांना येत नाही त्या "मी काय बोलू माय, तुम्हीच बोला ना" म्हणून गप्प राहतात. त्या गप्प राहण्याला होकार समजून कितीतरी ठराव झालेले मी जुन्या वह्यांमध्ये वाचले आहेत. प्रोसिडिंगमध्ये "सर्वानुमते मंजूर" लिहायची सगळ्यांना सवयच लागलेली आहे. त्या दोन शब्दांइतकं खोटं मी कुठल्याही वहीत वाचलं नाही. मी आता लिहिते, "दहा जणींची मान्यता, दोघींचा विरोध", आणि विरोध करणाऱ्यांची नावं व कारण. एकदा तपासणीला आलेल्या ताईंनी विचारलं, गटात भांडणं आहेत का? मी सांगितलं, मतं आहेत. जिचा विरोध वहीत नीट लिहिलेला असतो ती नंतर ओट्यावर बसून तोच विषय उगाळत नाही, कारण तिचं म्हणणं कुठेतरी टिकलेलं असतं.

आता पापडाचं एक प्रकरण सविस्तर लिहिते. नावं लिहीत नाही, दोघींनाही विचारून लिहिते आहे.

उन्हाळ्यात आमच्या गटाला नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या पापडांची ऑर्डर होती. नागलीचं पीठ शिजवायचं, गरम असतानाच मळायचं, लाट्या करायच्या आणि लगोलग लाटायचे. पीठ निवलं की पापड कडेने फाटतो, त्यामुळे सगळ्यांचे हात एका वेळी चालावे लागतात. ऑर्डर गेली, पैसे आले, बैठकीत वाटप झालं, सगळ्यांना सारखं. तेवढ्यात एक काकू उठल्या आणि मळ्यातल्या वहिनीकडे बोट करून म्हणाल्या, हिने पापड कमी लाटले, हिला सारखे पैसे कशाला? वहिनी तडक उठून निघून गेली. बाकीच्या अवाक. दोघींची घरं शेजाराची, येणं-जाणं रोजचं.

मी लगेच काही बोलले नाही. कोणी असं एकदम पेटलं की मी आधी वही बघते. पापडाच्या दिवसांची हजेरी आणि शेकड्याने लाटलेल्या पापडांची नोंद मी ठेवली होती. वहिनीचे पापड काकूंपेक्षा थोडे जास्तच भरले. मी ते पान सगळ्यांना दाखवलं, काकूंनाही. पुढच्या वेळी मजुरी सारखी द्यायची की शेकड्यावर, हाही विषय काढला. धाकटीपासून सगळ्या बोलल्या, शेकड्यावर द्यायचं ठरलं, तिघींचा विरोध लिहिला. पैशाचा विषय तिथे संपला. काकूंचा चेहरा मात्र तसाच होता. हिशोब दाखवल्यावरही ज्याचा राग उतरत नाही त्याचा राग हिशोबाचा नसतो, एवढं मला कळतं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. माझी एक सवय आहे. कोणीही भांडण सांगायला लागलं की मी म्हणते, "आधी काय व्हयनं ते सांग. कोन काय बोलनं ते मंग." माणूस रागात असला की बोललेलं आधी सांगतो, घडलेलं मागे राहतं. आणि बोललेलं कधी तसंच्या तसं येत नाही, त्यात ऐकणाऱ्याचा राग मिसळलेला असतो. काकूंनी सांगायला घेतलं आणि गोष्ट निघाली बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची.

बिबडे म्हणजे काय मेहनत असते ते खान्देशातल्या बायांना सांगायला नको. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, धुऊन दळायची, आणि ऊन तापायच्या आत पहाटेच चुलीवर मोठ्या पातेल्यात लसूण-मिरची-तीळ घालून घाटा शिजवायचा. एकीने दांड्याने हाटायचा, दुसरीने जाळ सांभाळायचा, बाकीच्यांनी गरम गरम घाटा ओल्या फडक्यावर थापत सुटायचं. एकटीदुकटीचं काम नाही. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे, असं चालतं. काकूंच्या बिबड्यांच्या दिवशी वहिनी आलीच नाही. काकूंच्या घरी त्या आणि म्हातारी सासू, दोघीच. थापता थापता निम्मा घाटा थंड झाला, जाड जाड बिबडे निघाले, काही तर वाळताना तडकले. वर्षाचं वाळवण ते. आणि त्याआधी काकू वहिनीकडे दोन वर्षं पहाटे चारला जात होत्या. काकूंचे डोळे भरून आले. मी तिथे वहिनीची बाजू मांडली नाही, "जाऊ द्या" म्हटलं नाही, आणि निरोपही घेतला नाही. काकू म्हणाल्या, तिला सांग असं असं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, मी तुम्हाला जागा करून देते.

निरोप न नेणं ही माझी जुनी सवय. लोकांना याचा राग येतो. पण दोघींमधलं बोलणं तिसरीच्या तोंडून गेलं की ते वाढतंच, कितीही भल्या मनाने नेलं तरी.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे उडदाचे पापड होते. मी दोघींना बोलावलं आणि दोघींनाही सांगितलं की दुसरीही येणार आहे. फसवून एकत्र बसवणं मला पटत नाही. वहिनी म्हणाली, बघते. काकू म्हणाल्या, मी काय तिला घाबरते का? दोघी आल्या. पडवीत पोळपाट मांडले होते. आधी तेल लावून पीठ कुटून घेतलं, मग मी लाट्या करायला बसले आणि त्या दोघी एकमेकींच्या शेजारी लाटायला. समोरासमोर नाही, शेजारी. हे मी ठरवून करते. समोर बसलं की डोळ्यात डोळा जातो आणि माणूस कोर्टात उभा राहिल्यासारखा ताठ होतो. शेजारी बसलं की दोघींची नजर पोळपाटावर, हात चालू, आणि शब्द सुचले नाहीत तर लाटत राहायची सोय असते.

बराच वेळ नुसता लाटण्यांचा आवाज. पापड पातळ व्हावा म्हणून काकू कडेने लाटणं फिरवत होत्या, गरजेपेक्षा जास्त जोर लावून. पहिला पापड फाटला. त्यांनी तो पुन्हा गोळा केला. मग पोळपाटाकडे बघतच म्हणाल्या, "तू मन्हा घर उनी नही."

वहिनीचं लाटणं थांबलं नाही. "मन्ही माय दवाखानाम्हा व्हती," ती म्हणाली.

"मंग सांगानं व्हतं ना माले."

"फोन त्यास्नाजोडे व्हता. त्यास्ले सांगं व्हतं मी."

नवऱ्याला सांगितलं होतं. नवऱ्याने काकूंच्या मालकांना फोन केला होता, रात्री धुळ्याच्या दवाखान्यातून. आणि काकूंचे मालक सांगायला विसरले होते. पुरुषांच्या लेखी, बिबड्यांना एक बाई येणार नाही, यात सांगण्यासारखं काय? काकूंनी लाटणं खाली ठेवलं. "माय आते कशी शे?" एवढंच विचारलं. वहिनी रडली. मी लाट्या करत राहिले. मध्ये बोलायचं नाही हे मला अवघड जातं, पण त्या दिवशी जमलं. दुपारपर्यंत पापड झाले. "चुकलं माझं" असं कोणीच म्हणालं नाही आणि कोणी म्हणायला लावलंही नाही. जाताना वहिनीने काकूंची परात उचलून घेतली.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. भांडण मिटवायला येणारी मोठी माणसं दोघांना उभं करतात, हात हातात देतात, पेढा भरवायला लावतात आणि टाळ्या वाजवतात. मला हे अजिबात मान्य नाही. ज्याच्या मनातलं निघालेलंच नाही त्याच्या तोंडात पेढा कोंबला तर आतलं आतच राहतं. शिवाय सगळ्यांसमोर पेढा खाल्लेला असल्यामुळे त्याला ते पुन्हा काढताही येत नाही. तंटामुक्तीच्या नावाने असे फोटो मी पुष्कळ पाहिलेत. फोटोतल्या लोकांचं नंतर काय झालं, तेही पाहिलंय.

फोनवर थोडं जास्त लिहावं लागेल, कारण हल्ली निम्मे वाद तिथूनच सुरू होतात. आमच्या गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात 12 जणींपैकी मोजक्या स्वतःचा फोन वापरतात. बाकीच्यांच्या नावापुढे जो नंबर आहे तो नवऱ्याचा नाहीतर पोराचा. म्हणजे मी वहिनीला लिहिलेलं आधी तिचा नवरा वाचतो. हप्ता थकल्याचं मी ग्रुपवर लिहिलं तर ते 12 बायका आणि सात-आठ पुरुष वाचणार, आणि संध्याकाळी तिच्या घरात तिला ऐकून घ्यावं लागणार. गटाने बाईला दिलेला आधार एका मेसेजमध्ये उलटा होतो. म्हणून ग्रुपवर फक्त तारीख, वेळ, जागा आणि हिशोबाच्या एकूण बेरजेच्या पानाचा फोटो. कोणाची थकबाकी किती, ते बैठकीतल्या गोलातच. हा नियम ठरवायला बैठकीत खूप चर्चा झाली, आणि सगळ्यात जोराने बाजू मांडली ती नवी सून होऊन आलेल्या मुलीने. तिच्याकडे स्वतःचा फोन आहे, तरीही.

टोमण्यांचं काय करायचं, हा दुसरा प्रश्न. रात्री साडेनऊ-दहाला ग्रुपवर एखादा सुविचार येतो. "काही लोकांना गोड बोलून काम साधता येतं." नाव नसतं, पण जिला लागायचा तिला लागतो, आणि जिच्यासाठी नव्हता अशा आणखी दोघी-तिघींनाही. त्याला मी ग्रुपवर उत्तर देत नाही, अंगठाही पाठवत नाही. सकाळी चूल-पाणी आवरलं की जिने टाकलाय तिच्या घरी जाते. चहा घेते आणि सरळ विचारते, काल कोणाला उद्देशून होतं? माणूस दारात आलं की टोमणा मारणारी बाई टोमण्यात बोलत नाही, गोष्टच सांगते. बऱ्याचदा गोष्ट छोटी असते आणि महिनाभर पोटात राहिलेली असते. तिला मी म्हणते, पैशाचं असेल तर सोमवारी गोलात काढ, मी विषय लिहून ठेवते. मनातलं असेल तर तिला एकटीला गाठ, मी लागेल तर सोबत येते.

सगळंच बोलून सुटतं असं मात्र मी मानत नाही. आमच्या भाऊबंदकीत दोन भावांचा बांधावरून अबोला आहे, मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासूनचा. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्या खान्देशची देवी कानबाई बसते. आमच्या घरी रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. तेव्हा त्या दोघांच्या नावाच्या मुठी एकाच सुपात पडतात. दोघे एका पंगतीला बसतात, गंगाफळाची भाजी आणि पुरणपोळी खातात, सोमवारी कानबाईला निरोप द्यायला नदीवर एकत्र जातात आणि मंगळवारपासून पुन्हा मुके. नाना त्यांना कधी बोला म्हणाले नाहीत. पण एकाची मूठ चुकून राहिली तर नाना सगळं थांबवून ती टाकायला लावायचे. नात्याची जागा रिकामी ठेवायची नाही, बोलणं ज्याचं त्याच्यावर. मला यातलं शहाणपण पटतं. आणि त्याच वेळी सुपाकडे बघताना मला हेही दिसतं की मुठी पुरुषांच्या नावाने आहेत. गटाच्या वहीत प्रत्येक बाईचं स्वतःचं नाव आहे आणि नावापुढे तिची स्वतःची सही किंवा अंगठा. म्हणून त्या वहीवरून होणारी भांडणं मला मोलाची वाटतात. ती आमची स्वतःची आहेत.

अबोला चालेल, पाठीमागे बोलणं चालणार नाही, ही माझी सीमा. मागे एक ताई गट सोडून गेली. तिचं म्हणणं होतं की गटाच्या गिरणीचं यंत्र तिच्या घरी ठेवायला हवं होतं, कारण तिचं घर रस्त्यावर आहे. बैठकीत तिने हे मांडलं, मत झालं, आणि यंत्र समाजमंदिराच्या खोलीत ठेवायचं ठरलं. तिचा विरोध मी लिहिला. पण ते तिला पुरेसं वाटलं नाही. ती घरोघर जाऊन सांगायला लागली की काहीजणींनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी तिच्याकडे गेले, शेजारी बसले, तिच्या तुरीच्या शेंगा सोलल्या. ती बोलली नाही. पुन्हा गेले, तेव्हाही नाही. मग तिने सोडते म्हणून सांगितलं. आम्ही बैठकीत वही उघडली, तिची बचत आणि तिच्या वाट्याचं व्याज सगळ्यांसमोर मोजून त्याच दिवशी तिच्या हातात दिलं. दोघी-तिघी म्हणत होत्या, फिरवू द्या तिला चार चकरा, कळेल. मी अडून बसले. ती रागाने गेली होती, तिचे पैसे रागाने देऊन चालणार नव्हते.

आता त्या ताईने परत येते म्हणून सांगितलंय. निरोप पाठवला नाही, स्वतः आली, माझ्या ओट्यावर बसून बोलली. गटात दोन तट आहेत. काहींचं म्हणणं, घ्या, आपलीच आहे. काहींचं म्हणणं, आज घेतली तर उद्या कोणीही रुसून जाईल आणि वाटेल तेव्हा येईल. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. माझं मत असं, की तिला घ्यावं, बचत नव्या सभासदाप्रमाणे पहिल्या हप्त्यापासून धरावी, आणि कर्जाला तिचा क्रम शेवटचा ठेवावा. यंत्र मात्र जिथे आहे तिथेच. तिने घरोघर जे सांगितलं त्याबद्दल बैठकीत काही विचारू नये. ते जिला जिला लागलं असेल तिने तिला एकटीला विचारावं. हे मत मी शेवटी सांगणार आहे. सोमवारच्या विषयांत तिचा विषय पहिला लिहिलाय, आणि बोलायची सुरुवात त्या नव्या सुनेपासून आहे. तिला ही जुनी भानगड काहीच माहीत नाही. मी तिला ती आधी सांगणारही नाही. तिने वही वाचावी आणि काय वाटतं ते बोलावं.